बघण्याचे चार शब्द

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. परवा लंडनमध्ये हॅरोच्या एका दुकानात भाजक्या तांदळाच्या जपानी चहाचा वास आला आणि बर्मिंगहॅमच्या आमच्या हॉस्पिटलमधली स्टाफ रूम आठवली. तिथे माझ्यासमोर जेवायला बसणारी जपानी फिजिओथेरपिस्ट तोच चहा प्यायची. तिच्या गालावर भाजल्याचा मोठा डाग होता. मला तेव्हा जपानी शिकायचं वेड लागलं होतं, पण फोनवरचं ॲप चार वेगळ्या जपानी शब्दांना ‘बघणे’ हा एकच अर्थ द्यायचं. एका दुपारी तिलाच विचारलं. तिनं चमचा ठेवून करूनच दाखवलं. मान भिरभिर फिरवली, “हे क्योरोक्योरो, वॉर्ड न सापडणाऱ्या पेशंटचं.” मला आपादमस्तक न्याहाळलं, “जिरोजिरो. बसमधली माणसं.” मग शांत, एकटक, “जित्तो. लहान मुलं असं बघतात, त्याचं काही वाटत नाही.” मी रंगात येऊन म्हणालो, “आमच्याकडेही टकमक आहे, टुकुटुकु आहे! पण चिराचिरा राहिलं की.” “ते तूच दाखव,” ती म्हणाली, “वर्षभर रोज करतोस. चोरून गालाकडे एक नजर, लगेच डब्यात. परत गाल, परत डबा.” चिडली नव्हती ती. “एकदा नीट बघून घे ना, मग मोकळेपणानं बोलू.” मी बघितलं नाही. खिशातला ब्लीप वाजला, वॉर्डातून बोलावणं आलंय, असं खोटं सांगून उठलो, आणि ती नोकरी सोडून जाईपर्यंत माझी जेवायची वेळ बदलूनच ठेवली. आज तिचा चेहरा आठवू म्हटलं तर डाग तेवढा आठवतो, डोळे कसे होते ते सांगता येत नाही. एकदा तिच्याकडे सरळ बघणं, एवढं मी अजून तिचं देणं लागतो.