मागच्या पोरीचं वजन

साइमी केट्टुनेन आधी नर्स होती. पाठीनं दगा दिला तेव्हा घरी बसून, चुका करत करत, संगणकाच्या पडद्यावरची बटणं मांडायला शिकली. कुणी शिकवलं नाही. ताम्पेरे शहरातल्या एका इस्पितळात, मुलांच्या तातडीच्या वॉर्डात, औषध आणि वजन टाकलं की डोस दाखवणारा पडदा तिनंच घडवलेला. "एक टिचकी कमी कर," म्हणून डॉक्टर मागे लागले. तिनं केली. आधी टाकलेलं वजन पडदा तसंच धरून ठेवू लागला. वाहवा झाली. तीच तिच्या गळ्यात अडकली.

मंगळवारी सहा किलोच्या बाळाला पडद्यानं बावीस किलोचा डोस दाखवला. वजन मागच्या पोरीचं होतं. सिरिंज भरताना नर्स हेल्वीचा हात थबकला, म्हणून बाळ वाचलं.

साइमी तडक साहेबाच्या, योर्माच्या खोलीत शिरली. "वजनाची चौकट दर वेळी कोरी हवी. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"काम अर्ध्या दिवसाचं, मंजुरी सहा महिन्यांची. तोवर लाल सूचना टाकू."

"अकरा सूचना आहेत आधीच. तू एक तरी वाचतोस?"

"साइमी, सुरक्षित आहे म्हणून सही कर. नाहीतर पडदा बंद ठेवावा लागेल."

असल्या साहेबांचं बरं असतं, कात्रीत मान नेहमी दुसऱ्याची.

गुरुवारी कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप निवत असताना तिनं हेल्वीला सगळं सांगितलं.

"बंद नको करूस बाई," हेल्वी म्हणाली. "झटके येणारं पोर समोर असताना मी डोसचं जाडं पुस्तक चाळत बसू? वजन बघते की मी."

"आणि तू सुट्टीवर असशील तेव्हा?"

हेल्वीनं पॅनकेकवर जॅम पसरला. "चूक तुझी, आणि झोप माझी उडवतेस होय?"

सहीच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते, सुरक्षित आणि असुरक्षित. मधलं काही लिहायला जागा नव्हती. साइमीनं दुसरा दाबला आणि खाली नाव टाकलं.

सोमवारी पडदे काळे झाले. ती वॉर्डात पोचली तेव्हा खाटेवर चार वर्षांचं पोर धापा टाकत होतं आणि हेल्वी पुस्तकात बोट फिरवत होती.

"मी शोधू?"

"बाजूला हो. उजेड अडवतेयस."

साइमी बाजूला झाली. निघावं तर पाय उचलेना, थांबावं तर उपयोग नाही. भिंतीला टेकून ती डोसचं पान सापडेपर्यंतचा एकेक सेकंद मोजत राहिली.