बांधापलीकडच्या पाच ओळी

युकलानला गावात ‘अळीवाली’ म्हणत. मेइनुंगच्या डोंगराखाली तिचा पंचवीस गुंठ्यांचा मळा होता, आणि अकरा वर्षांत तिने त्यात औषधाचा एक थेंब पडू दिला नव्हता. पूर्वी तिथे तंबाखू व्हायचा. पन्नास वर्षांच्या तंबाखूने जमीन अशी चोखली होती की फावडं मारलं की ठण्ण वाजायचं. आता त्याच मातीत हात कोपरापर्यंत जायचा.

उन्हाळ्यात ती हिरवळीच्या खतासाठी ढेंचा पेरायची आणि कमरेला लागला की गाडून टाकायची. पावसात मांडवावर घोसाळी आणि कारली. मग वादळं यायची, मांडव झोपायचा, पुन्हा उभा राहायचा. खरा हंगाम हिवाळ्याचा. भात निघालं की कोबी, मुळा, मोहरीची भाजी. पहाटे दव असताना ती वाकून एकेक पान उलटायची, अळ्या वेचून डब्यात टाकायची. शनिवारी नवरा थियेनफू गाडी काढायचा आणि दोघं काओश्युंग शहराच्या सेंद्रिय बाजारात जायची. थियेनफूने उभा जन्म वीटभट्टीचा ट्रक चालवला होता. शेतीत त्याला रस नव्हता आणि बोलण्यात तर त्याहून नव्हता.

बांधापलीकडे आतिनचे टोमॅटो होते. आतिन थियेनफूचा लंगोटीयार. सगळ्यांसारखा तोही फवारायचा, पण युकलानच्या बांधालगतच्या पाच ओळी त्याने आठ वर्षं बिनफवारणीच्या ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्या ओळींतला निम्मा माल किडे खायचे.

“वहिनी, तुमच्या अळ्या रोज माझ्याकडे जेवायला येतात,” तो बांधावरून ओरडायचा. “त्यांना सांगा, भांडी तरी घासून जात जा!”

“भावजी, पाहुण्यांना कामाला लावता?” ती म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात युकलानची पाठ धरली. कोबी भरात आणि ही अंथरुणाला खिळलेली. शेवटी थियेनफूने तिला शहरातल्या इस्पितळात नेऊन ठेवलं. तीन दिवसांनी ती परतली, काठी टेकत आधी मळ्यात गेली. बांधाकडच्या दोन ओळींवर एकही अळी नव्हती.

“अहो, बघा तरी,” ती हरखून म्हणाली, “मी नव्हते तर अळ्यांनीही सुट्टी घेतली.”

थियेनफू नुसता हं म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात तपासणीवाले आले आणि त्यांनी नेमके त्याच ओळींतले कोबीचे दोन गड्डे उचलले. महिन्याने कागद आला. कोबीत कीटकनाशक सापडलं होतं. सेंद्रियचा शिक्का रद्द, बाजारातली जागा बंद. शिक्का परत मिळवायचा तर पहिल्यापासून तीन वर्षं. तपासणीची बाई चांगली होती. हळू आवाजात म्हणाली, “मावशी, शेजारून उडून आलं असेल. असं होतं पुष्कळदा.”

युकलान तडक बांधावर गेली. आतिनकडे सात-आठ बाया टोमॅटो तोडत होत्या.

“आठ वर्षं गोड बोललात, भावजी! मी इस्पितळात पडलेय बघून हात धुऊन घेतलेत?”

आतिन टोपी काढून उभा राहिला. “वहिनी, मी नाही मारलं.”

“मग काय आभाळातून पडलं?”

“मी नाही मारलं,” तो पुन्हा एवढंच म्हणाला.

“तर मग बाकगुंगसमोर म्हणा!”

बाकगुंग म्हणजे गावच्या मातीचा राखणदार देव, कापराच्या झाडाखाली बसलेला. तिथे रोज म्हातारी मंडळी चहा पीत बसायची, म्हणजे बघ्यांची वाण नव्हती. आतिनने उदबत्त्या पेटवल्या. “माझ्या हातून या बाईच्या मळ्यात एक थेंब गेला असेल, तर माझे टोमॅटो उभे जळोत,” तो म्हणाला. त्यानंतरही तो बराच वेळ तसाच उभा राहिला, राख बोटांवर पडेपर्यंत. थियेनफू शेजारीच होता. त्याने देवाच्या पाया पडून घेतलं.

शपथेवर कुणी विश्वास ठेवला नाही. “आतिनबाबा, आज कुणाच्या कोबीवर?” असं पोरीबाळीसुद्धा विचारायला लागल्या. त्याने चहाला येणं सोडलं.

भादव्याच्या सुमारास वादळ आलं आणि कारल्यांचा मांडव आडवा झाला. दरवर्षी वारा पडायच्या आत आतिन कोयता आणि बांबू घेऊन हजर व्हायचा. या वेळी दोघं नवरा-बायकोच चिखलात बांबू रोवत होती.

“बघितलंत?” युकलान सुतळी ओढत म्हणाली. “मनात चोर असल्यावर माणूस कशाला तोंड दाखवेल!”

थियेनफूने हातातला बांबू सोडला. “आतिनने नव्हतं मारलं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी मारलं.”

तिने सुतळी ओढायची थांबवली.

“तू इस्पितळात होतीस. पानांची चाळण झाली होती. मला काही अळ्या वेचता येईनात, चष्म्यातून दिसतच नाहीत. म्हटलं, आल्या आल्या परत वाकशील. दोनच ओळी मारल्या. वाटलं, धुऊन जाईल.”

“आणि देवासमोर तोंडात काय धरलं होतंत?”

त्याने बांबू उचलला आणि पुन्हा खड्ड्यात घातला. युकलानने सुतळी तिथेच टाकली आणि चिखलाच्या पायांनी आतिनचं घर गाठलं. तो अंगणात बांबू तासत होता. तिने सगळं सांगितलं, हात जोडले.

“मला माहीत होतं, वहिनी.” आतिनने मान वर केली नाही. “पंप पाठीला लावून तो तुमच्या ओळींत उभा होता. मी माझ्या पाण्याच्या मोटारीपाशी होतो. त्यानेही मला पाहिलं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“वाट बघत होतो. उदबत्ती संपेपर्यंत बघितली. साठ वर्षांची दोस्ती, म्हटलं, तो बोलेल.” त्याने ढलपी झटकली. “तुमच्यावर राग नाही. पण यंदा त्या पाच ओळी मला लागतील. फवारा बांधापर्यंत येईल. आधीच सांगून ठेवतो.”

तो पुन्हा बांबू तासू लागला. ‘बसा’ही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी युकलान कापराच्या झाडाखाली गेली आणि सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, “आतिनभावजींचा काही दोष नाही. औषध आमच्या यांनी मारलं होतं.”

चहाला बसलेली चिनहुवा म्हातारी फसकन हसली. “वादळात मांडव उचलायला माणूस हवा झाला वाटतं? म्हणून आता गरीब नवऱ्यावर ढकलतेस?”

“मी खरं सांगतेय.”

“तुझा थियेनफू! त्याला पंपाचं तोंड कुठलं हे तरी ठाऊक आहे का?” आणि सगळे हसले. थियेनफू तिथेच बाकावर बसलेला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो कपातला चहा हलवत राहिला.

“अहो, बोला ना,” ती म्हणाली.

“जाऊ दे ग,” तो म्हणाला. “झालं ते झालं.”

“बघ, किती सोसतो बिचारा,” चिनहुवा म्हणाली.

हिवाळ्याच्या तोंडाला आतिनने बांधापर्यंत फवारलं. वास मुळ्यांवरून थेट घरात आला. युकलानने आपल्या बाजूच्या पाच ओळी उपटल्या आणि आडोशाला केळी लावल्या. त्या ओळींतली माती सगळ्यात काळी, सगळ्यात भुसभुशीत होती. शिक्क्याला अजून दोन वर्षांहून अधिक काळ होता आणि ती चौसष्टची होती.

अळ्या ती अजून वेचते. थियेनफू हल्ली मागोमाग येतो, डबा धरून उभा राहतो. ती अळी टाकते, पुढे सरकते. त्याच्याशी बोलत नाही. दुपारी दोघांचं पान वाढते, आणि आपलं घेऊन मळ्याकडच्या पायरीवर जाऊन जेवते.