सुनीलच्या घरातला पहिला चहा

मंडळी, दुपारची गोष्ट संध्याकाळी लिहितो आहे. धीरच होत नव्हता. उशिराबद्दल माफ करा.

माझा पुतण्या सुनील मस्कतला असतो. त्याने इथे देऊळघाटात घर बांधलं, तेही माझ्याच आग्रहाने. चावी माझ्याकडे असते. दिवाळीला येऊन सूनबाई नव्या शेगडीवर दूध उतू घालणार आणि मगच घर वापरायचं, असं ठरलं होतं.

आज शेजारच्या किसनच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड ठरल्यापेक्षा जास्त आलं, उतरवायला जागा पुरेना. किसन धावत आला.

"काका, सुनीलचं घर उघडा. पाहुणे उन्हात उभे हायेत."

"थांब, त्याले इचारतो."

"इचारता काऊन? नवरदेव काय घर उचलून नेऊन राह्यला?"

मी फोन केलाच नाही. सुनील नाही म्हणाला तर, ही भीती होती. कुलूप उघडून दिलं.

थोड्या वेळाने आत गेलो, तर नवरदेवाच्या मावशीने त्याच शेगडीवर चहा ठेवलेला. "घ्या भाऊ, पयला कप तुमचा," म्हणाली. मी तो घेतला आणि प्यालोही.

परदेशात राहिलात तरी गावी हक्काची जागा असावी, असं मीच सुनीलला सांगत असे. पण दूरच्या माणसाचा हक्क शेवटी इथल्या माणसाच्या भरवशावर असतो. तुमची घरं कोण सांभाळतं? त्याने असं केलं तर माफ कराल?

सुनील, हवं तेवढं रागाव. पण दिवाळीला तुम्ही येणार ना, एवढं लवकर कळव.