खांबाला वळणारा मंगेश

किस्से जमवावे लागत नाहीत हो. आमच्या पार्किंगमध्ये जुन्या सायकली जमतात ना, तसे ते जमतात. मालक केव्हाच निघून गेलेला असतो, पण हलवायला कोणाचा हात धजत नाही. आमच्या ग्रुपचे निम्मे किस्से मंगेशचे. बदलापूरजवळच्या सोनिवलीचा मंगेश, आइस हॉकीचा फॉरवर्ड. बदलापूर आणि बर्फ! आमच्याकडे बर्फ उसाच्या रसात असतो, तोही मागितला तर जास्त.

आम्ही खेळायचो बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, चाकांच्या स्केट्सवर. मी गोलकीपर. मधोमध एक जाडजूड खांब. मंगेश सुसाट यायचा, आता नाक फुटतंय असं वाटायचं, आणि ऐन वेळी सटकन डावीकडे वळायचा. त्याच्या आईचं, काकूंचं घर बाजूलाच. शेतातली भाजी विकून आल्या की त्या प्लास्टिकची खुर्ची टाकून बघत बसायच्या. खेळ काडीचा कळायचा नाही. पोरगा खांबाजवळ आला की डोळे मिटून घ्यायच्या.

*

माझे पायाचे पॅड शिवले उल्हासनगर कॅम्प चारच्या एका सिंधी चाचाने. धंदा जीन्स शिवायचा. म्हटलं, चाचा, आत फोम भरा, मजबूत पाहिजे. "साईं, फिकर मत करो, फर्स्ट क्लास बनाऊंगा!" बनवले की फर्स्ट क्लास. हाताच्या सवयीने दोन्ही पॅडना खिसेही लावले!

मग अंबरनाथ वेस्टच्या टीमशी मॅच. त्यांनी शॉट मारला आणि पक गायब. पक म्हणजे ती रबराची चकती. रेफरी गोलमध्ये शोधतोय, स्कूटरखाली शोधतोय. मंगेश शांतपणे आला, माझ्या खिशात हात घातला, पक खाली टाकली आणि निघाला पळत. गोल! त्यांचा कॅप्टन बोंबलला, "अबे, ये हॉकी है या पाकीटमारी?"

*

लडाखला आइस हॉकीच्या ट्रेनिंग कॅम्पला गेलो तेव्हा खरा बर्फ पहिल्यांदा पाहिला. सगळं मोकळं. ना गाडी, ना खांब. मंगेश पक घेऊन सुटला आणि भर मधोमध, पुढे काहीही नसताना, सटकन डावीकडे वळला. बाजूने अडवायला आलेला डिफेंडर बिचारा उजवीकडे जाऊन धाडकन आपटला.

"येड्या, कोणाला कट मारलास?"

"सवय रे! मला वाटलं, खांब आला."

कॅम्पच्या परदेशी कोचला मात्र ती चाल वाटली. एवढी आवडली की त्याच्याच ओळखीने मंगेश परदेशात, एका थंडगार गावच्या क्लबमध्ये लागला. पगारी खेळाडू! त्या खांबाला आम्ही नारळ फोडला. वॉचमन ओरडला, खोबरंही त्यानेच खाल्लं.

*

तो गेला आणि पार्किंग पार सुनं झालं. संध्याकाळी नुसत्या गाड्या रिव्हर्स घेतल्याचे आवाज. मला त्याची फार आठवण यायची, खोटं कशाला बोलू?

काकूंकडे व्हिडिओ कॉल मीच लावून द्यायचो. एकदा तो हसला तर पुढचे दोन दात गायब. मॅचमध्ये काठी लागली होती. काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"दात कुठं टाकलंस रं?"

"गेले गं आई. इथे सगळ्यांचे जातात."

"बरं. र्‍हायलेलं घेऊन कवा येशील?"

गणपतीत तिकडे सीझन सुरू होतो, त्यामुळे तो येणार नव्हता. दरवर्षी हेच. काकू मोदक करायच्या आणि त्याच्या वाटणीचे मला आणून द्यायच्या.

*

रविवारी सकाळी मोबाइलवर त्याची मॅच लागायची. पार्किंगमध्येच, काकू मधोमध. सगळे हेल्मेटवाले, सगळे सारखे. पण एकजण उगाचच डावीकडे वळला की काकू खुर्चीतून उठायच्या. "खांबाला वलला बघ! माजा पोर हाय यो!" पुढे पुढे मात्र त्यांना असं उठायला क्वचितच मिळायचं.

फॉरवर्ड मिनिटभर खेळतो आणि बाकावर येतो, दुसरा जातो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा काकू चिडल्या. "लगेच का बसवला त्याला? काय चुकलं पोराचं?" म्हटलं, काकू, दमतात ना, मिनिटामिनिटाला बदलतात.

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मंग त्याला सांग, एक मिनिट इकडं पन येऊन जा म्हनावं."

*

आणि तो आला. गेल्या उन्हाळ्यात. आल्या आल्या म्हणाला, "बस झालं यार. क्लब परत बोलावतोय, पण मी नाही म्हणून कळवतो. इथेच पोरांना शिकवीन." आमचा तर गणपती उन्हाळ्यातच आला! काकूंनी मे महिन्यात मोदक केले.

संध्याकाळी गाड्या बाहेर काढल्या. मी खिशांचे पॅड बांधले. काकूंनी खुर्ची टाकली. मंगेशने पक घेतली आणि निघाला. काय स्पीड होता! पूर्वीपेक्षा दुप्पट. मी गोलमध्ये तयार, त्याच्या डाव्या बाजूला सरकून उभा.

तो सरळ जाऊन खांबावर आदळला.

आम्ही हसून हसून लोळलो. मंगेशही ओठ धरून, बोळक्या तोंडाने हसत होता. "साला, हा इथे होता होय! तिकडे सरळ जायची सवय लागली रे."

काकूंनी या वेळी डोळे मिटले नव्हते. त्या उठल्या, त्याच्या ओठावरचं रक्त पदराने हळू पुसलं, आणि विचारलं, "परतीचं तिकीट कवाचं काढतंस?"