प्रगती कोळपेचा अधिवास

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात इनामगावच्या शिवारात प्रगती कोळपेला जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा. "आपल्याकडं कालेजं न्हाईत व्हय?" दूध घालायला गेली तर डेअरीवाला विचारायचा, दळण टाकायला गेली तर गिरणीवाला. सुरुवातीला ती नीट समजावून सांगायची. पशुवैद्यकीच्या राज्याच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं होतं. पण सरकारी कॉलेजांत थोड्या जागा बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी राखतात, त्यांची परीक्षा देशभर एकच असते, ती तिनं दिली होती आणि तिचा नंबर लागला होता. मात्र त्या कोट्यात स्वतःच्या राज्यातली जागा मिळत नाही, दुसऱ्याच राज्यात जावं लागतं. इथपर्यंत ऐकून घेऊन समोरचा मान हलवायचा आणि म्हणायचा, "ते बराबर हाय. पर आपल्याकडं कालेजं न्हाईत व्हय?"

मग तिनं सांगणं सोडलं.

घरातलं दुखणं वेगळं होतं. तिचे वडील हनुमंत कोळपे धनगराच्या घरात जन्मले, पण मेंढरांना मनापासून विटलेले. लहानपणी कळपामागं कोकणापर्यंत चालत जायचं, पावसाच्या तोंडावर तसंच परत यायचं, शाळा अशी कुठलीच नाही. जाणते झाल्यावर त्यांनी घोड नदीच्या काठाची जमीन नीट केली, ऊस आणि कांदा लावला आणि आपल्या वडलांना, ज्ञानूआबांना, कळप विकायला लावला. त्यावरून आबा बरेच दिवस मुलाशी बोलत नव्हते. आता त्याच घरातली पोरगी म्हणत होती, मला मेंढरांचं डॉक्टर व्हायचंय.

"आम्ही मेंढरामागनं सुटलो, आन् ही परराज्यात जाऊन परत त्यांच्याच मागं लागणार," हनुमंत बायकोला म्हणायचे.

"डाक्टर व्हायला चाललीय ती, काठी घिऊन न्हाई चालली," गीताबाई म्हणायच्या. "आन् तुमाला कांद्याचं दुखणं कळत न्हाई, तर मेंढराचं काय कळणार?"

प्रगतीला हे वेड लागलं ते शिरूरला बारावीला असताना. एसटीला वेळ असला की ती जनावरांच्या दवाखान्याच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. तिथले डॉक्टर एकदा म्हणाले होते, आमचा पेशंट खोटं बोलत नाही, मालक बोलतो. हे तिला एवढं पटलं की तिनं दुसरा विचारच केला नाही.

जागावाटप दिल्लीला होतं. बाप-लेक दौंडहून झेलम एक्सप्रेसनं गेले. तिथल्या हॉलमध्ये फळ्यावरच्या जागा एकेक करून पुसल्या जात होत्या आणि प्रगतीचा नंबर येईपर्यंत दक्षिणेकडचं सगळं संपलं होतं. राजस्थानातल्या एका सरकारी विद्यापीठात जागा होती. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, घेणार का. प्रगतीनं आप्पांकडं, म्हणजे वडलांकडं, पाहिलं. हनुमंतांना हिंदी समजत होतं ते कुरकुंभच्या कारखान्यातल्या बिहारी पोरांकडून ऐकून ऐकून.

"तिकडं पानी हाय का?" त्यांनी विचारलं.

"कॉलेज है," बाई म्हणाल्या.

जागा घेतली. आठवड्याभरात मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं होतं. सगळे म्हणजे सगळे, असं बजावलं होतं. म्हणून प्रगतीनं होतं नव्हतं ते सगळं नेलं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, महाराष्ट्राची रहिवासी असल्याचं 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व' असं लांबलचक नावाचं प्रमाणपत्र आणि त्याच फायलीत होता म्हणून जातीचा दाखलाही. खरं तर तिला जागा मिळाली होती खुल्या गुणवत्तेवर, त्या दाखल्याची गरजच नव्हती.

कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनानं गठ्ठा उलटसुलट केला. मराठीची अक्षरं त्याला वाचता येत होती आणि घात झाला तो तिथंच. एका कागदावर त्यानं 'अधिवास' वाचलं. दुसऱ्यावर वाचलं, 'भटक्या जमाती'. मान वर करून त्यानं प्रगतीकडं पाहिलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "अच्छा, आदिवासी. जनजाति."

"नहीं, अधिवास मतलब रहने का," प्रगती म्हणाली. "और वो भटकी जमाती अलग होती है. हमारे उधर अलग लिस्ट है."

"जमाती मतलब जनजाति ही हुआ ना?"

"नहीं."

"आगे बढ़ो," तो म्हणाला. मागं मोठी रांग होती.

तिला वाटलं, विषय संपला. होस्टेलची यादी लागली तेव्हा तो संपला नव्हता हे कळलं. बाहेरच्या राज्यांतली बाकीची मुलं गावात खोल्या शोधत उन्हात हिंडत होती आणि प्रगतीला पहिल्याच यादीत खाट मिळाली होती. नावापुढं 'ज.जा.', म्हणजे जनजाति, असं लिहिलेलं. त्याच यादीच्या खाली राखीव खाटांची प्रतीक्षायादी होती आणि तिच्यात पहिलंच नाव होतं कमला डामोर, जिल्हा डुंगरपूर.

ही कमला तिच्याच वर्गात होती. भिलांच्या मुलखातली, अबोल मुलगी. एका मैत्रिणीच्या खोलीत फरशीवर झोपायची आणि वॉर्डन फेरीला आली की अंथरूण गुंडाळून व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. प्रगतीनं ते दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिचं डोकं फिरलं. दया वगैरे आली असं ती पुढंही कधी म्हणाली नाही. ज्या माणसाला आपण तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं, त्यानं आपल्याला परस्पर कुणी दुसरंच करून टाकलं, याचा तिला राग आला होता.

ती खिडकीवर गेली. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटा, तुम्हारा तो काम हो गया. बिगाड़ क्यों रही हो?"

"मैं वो हूँ ही नहीं."

"तो लिखवाकर लाओ. तुम्हारे यहाँ की कचहरी से. कि तुम नहीं हो."

एसटीडी बूथवरून तिनं गावातल्या दुकानात फोन लावला. आप्पांना बोलावून आणायला सांगितलं आणि पुन्हा फोन करून सगळं सांगितलं. हनुमंत दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, नक्की कसला दाखला पाहिजे. हनुमंत म्हणाले, आम्ही अनुसूचित जमातीचे नाही असा. साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"अहो, आम्ही असल्याचा दाखला देतो. नसल्याचा कसा देणार? उद्या कुणी येऊन म्हणेल, मी माणूस नसल्याचा द्या."

साहेब काही चुकीचं बोलत नव्हते. हनुमंत बाहेर आले, एका वकिलाकडं गेले. वकील म्हणाले, प्रतिज्ञापत्र करू, स्टँपपेपरवर लिहून द्या की आम्ही त्या जमातीत मोडत नाही, काम झालं. मसुदा तयार झाला. सही करायची ती उद्या, असं ठरलं.

पण संध्याकाळी सोपानराव आले.

सोपानराव ठोंबरे म्हणजे प्रगतीचे मामा. धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घ्या या मागणीसाठी निघालेला एकही मोर्चा त्यांनी चुकवला नव्हता. पुण्याला, मुंबईला, नागपूरला, जिथं निघेल तिथं पिवळा फेटा बांधून जायचे. त्यांना ही बातमी आधीच लागली होती.

"दाजी, तुमी काय करताय कळतंय का तुमाला?" ते बसायच्या आधीच म्हणाले. "आख्खा समाज सांगतोय आपण त्यातलंच हाय म्हणून. आन् तुमी स्टँपावर लिहून देणार, न्हाई? उद्या कुणी त्योच कागद कोर्टात लावला तर? बघा म्हणतील, धनगरच सांगतोय."

"सोपानराव, पोरीचं काम अडलंय."

"अडलंय कुठं? झालंय. ज्याच्यासाठी आमी रस्त्यावर बसतोय ते तिला खिडकीत मिळालं. राहू द्या की."

"आन् पुढं कवातरी तपासलं तर? पोरीला काढून टाकतील."

पण मामांचंही चूक आहे असं हनुमंतांना म्हणता येईना. गीताबाई भावाला चहा देऊन नवऱ्याकडं बघत राहिल्या. ज्ञानूआबा कोपऱ्यात बसून होते. ते एवढंच म्हणाले, "तवा मेंढरं ठिवली असती तर ह्यातलं काय झालं नसतं." त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

हनुमंतांनी सही केली नाही. प्रगतीचा फोन आला तेव्हा त्यांनी मामांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडं बूथचं मीटर पळत होतं.

"आप्पा, मामा काय चुकीचं बोलत न्हाईत," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "आपण कोण हाय ते ठरवायला मोठी माणसं बसलीत, त्यांना ठरवू द्या. ते तुम्ही लिहूच नका. आपल्याकडं कुठला दाखला हाय आन् कुठला न्हाई, तेवढंच लिहा. अनुसूचित जमातीचा दाखला आपल्याला कधी मिळालेला न्हाई, आन् पोरीनं त्याच्यावर जागा मागितलेली न्हाई. बास."

वकिलांनी मसुदा बदलला. सोपानरावांनी तो स्वतः दोनदा वाचून घेतला, एक शब्द बदलायला लावला आणि म्हणाले, "ह्याला माझी हरकत न्हाई. पर पोरगी खुळी हाय."

हिंदीत केलेला तो कागद रजिस्टर पोस्टानं गेला. कारकुनानं त्यावर शिक्का मारला, प्रगतीच्या नावापुढचं 'ज.जा.' खोडलं आणि त्याच हातानं होस्टेलच्या यादीतलं तिचं नावही खोडलं. खुल्या यादीतल्या खाटा तोवर भरल्या होत्या. दुपारपर्यंत खोली रिकामी करा म्हणून सांगितलं.

ती ट्रंक बाहेर काढत होती तेव्हा कमला डामोर आपलं अंथरूण घेऊन दारात उभी होती. तिनं आभार वगैरे मानले नाहीत. नुसतं विचारलं, "क्यों किया ऐसा?"

"ग़ुस्से में," प्रगती म्हणाली.

कमलाला हसू आलं. तिनं ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि दोघींनी ती फाटकापर्यंत नेली. पुढची पाच वर्षं दोघी शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत एकाच टेबलावर राहिल्या.

खोली मिळाली एका जैन आजींच्या घरी. खोली हवेशीर, आजी मायाळू, पण कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत चालायचा नाही. दिवाळीआधी हनुमंत पहिल्यांदा लेकीला भेटायला गेले ते घरच्या कांद्याचं पोतं घेऊन. दौंडला गाडीत चढवलं, दिल्लीला उतरवलं, पुन्हा चढवलं, रिक्षातून दारापर्यंत आणलं. आजींनी दारातच हात जोडले. ते पोतं रात्रभर रस्त्यावर राहिलं आणि हनुमंत सकाळपर्यंत दर थोड्या वेळानं उठून ते आहे का बघत राहिले. शेवटी ते कॉलेजच्या खाणावळीला देऊन टाकलं. परत आल्यावर त्यांनी गावात सांगितलं, "तिकडं समदं हाय. पर कांद्याला किंमत न्हाई." त्या साली ती इकडंही नव्हती.

प्रगती शिकली. उंटाची नाडी कुठं लागते, उंट चिडला की आधी काय करतो, वाळवंटातल्या मेंढीचे रोग कोणते, सगळं शिकली. दोन हजार सहाच्या अखेरीस डिग्री घेऊन आली तेव्हा आपल्या राज्यात काम करायला इथल्या पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदवणं आलं. तिथल्या खिडकीत तिला विचारलं, तुम्ही राजस्थानच्या का. ती म्हणाली, मी शिरूर तालुक्यातली. मग पाच वर्षं तिकडं कशा होत्या, असं विचारलं. तिनं सांगितलं. आपल्याकडं कॉलेजं नाहीत का, असं त्या माणसानं विचारलं.

"हायेत," प्रगती म्हणाली आणि पुढं काहीच बोलली नाही. त्याचा परिणाम बरा झाला. तो माणूस थोडा वरमला आणि त्यानं कागद घेतले.

दौंड तालुक्यातल्या एका दूध संघात तिला डॉक्टरची नोकरी लागली. मोटरसायकलवरून वाड्यावस्त्या फिरायची. सुरुवातीला शेतकरी तिच्या मागं बघायचे, डॉक्टर येतोय का म्हणून. वर्षभरानं बघेनासे झाले. हनुमंतांनी दोन मेंढ्या विकत घेतल्या. का घेतल्या ते सांगितलं नाही. आबांनी त्या दिवसभर न्याहाळल्या आणि फसवलंय तुला म्हणाले.

एका सकाळी सोपानमामांचा निरोप आला. त्यांची जर्सी गाय दोनदा भरवूनही गाभण राहिली होती का नाही ते कळत नव्हतं. प्रगती गेली. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवला आणि गायीच्या मागं उभी राहून हात आत घालून तपासायला लागली. मामा शेजारी उभे. डोक्याला फेटा नव्हता, केस पांढरे झाले होते. मागणी अजून तशीच पडून होती.

"पोरी, एक सांगू का," मामा म्हणाले. "तवा तू त्ये नाव तसंच राहू दिलं असतंस ना..."

"मामा," प्रगती म्हणाली, "शेपूट धरा. तोंडावर मारतीय माझ्या."

मामांनी शेपूट धरलं. ती थोडा वेळ डोळे मिटून बोटांनी चाचपत राहिली.

"तीन महिन्यांची हाय," ती म्हणाली. "आता सोडलं तरी चालंल."