बाई, मॅच परत लावा

कांबळेबाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. बाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहू नका, असे संपादक म्हणाले. पण झालं ते झालं.

मी शाळेत नुकताच पीटीचा मास्तर म्हणून लागलो होतो. दोन पोरांनी घंटेचा हातोडा लपवला आणि मधली सुट्टी काही संपेना. मी दोघांना कान धरून त्यांच्या वर्गशिक्षिकेसमोर, म्हणजे बाईंसमोर, उभं केलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "काय झालं ते पहिल्यापासून सांगा. खोटं बोलायचं न्हाई आणि कंटाळा आणायचा न्हाई." पोरं सांगत गेली आणि बाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. माझं टाळकं सरकलं. "बाई, तुम्हीच पोरं बिघडवताय!" त्या म्हणाल्या, "सर, आपली फजिती ज्याला धड सांगता येते, ते पोरगं वाया जात नाही." बाईंची शिक्षा कायम हीच राहिली.

निवृत्तीनंतर त्या ऐकलेल्या फजित्यांतूनच बाईंची कादंबरी झाली. नववीतली चार पोरं, एक फुटबॉल आणि पेठेतल्या मोठ्या संघांना हरवायचं खूळ. शेवटी ती फायनलला पोचतात, गोलही मारतात. रेफ्री ऑफसाइड देतो आणि पोरं हरतात.

पुस्तक आलं आणि अख्खी पेठ बाईंच्या दारात! निम्मे लोक म्हणत, यातला गोल मारणारा बंड्या म्हणजे मीच. उरलेले तणतणत, आमचं काय घोडं मारलंय, आम्हाला का घेतलं नाही? आणि मी? माझा पाय मोडला होता तेव्हा बाई रोज संध्याकाळी डबा घेऊन येत आणि मला हसवल्याशिवाय उठत नसत. त्याच माउलीने माझं लंगडणं उचलून पुस्तकातल्या रेफ्रीला चिकटवलं. चहाच्या गाड्यावर मला रोज ऐकावं लागे, "सर, त्ये ऑफसाइड नव्हतं की!"

"अहो, ती मॅच झालीच नाही!"

"झाली न्हाय तर पोरं हरली कशी?"



बाई या सगळ्यावर खूश होत्या. दुसरी कादंबरी सुरूही केली होती. मग एका समारंभात बाहेरून आलेले एक विद्वान व्यासपीठावरून बोलले, "तुमच्या समाजातल्या लेखिकेकडून वेदनेची अपेक्षा होती. पोरांची थट्टामस्करी कुणीही लिहील."  परतताना रिक्षात बाई म्हणाल्या, "सर, खरं असेल त्यांचं. माझ्या बापाचा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला आणि मी पोरांचे गोल लिहीत बसले." घरी आल्यावर नव्या कादंबरीचे कागद बोचक्यात बांधून माळ्यावर गेले. त्या विद्वानांचा मला आजही राग आहे. पण खरी भीती वेगळीच होती: बाई आता पुन्हा लिहितात की नाही?

बरेच महिने असेच गेले. एका रविवारी सकाळी मी बाईंकडे चहाला बसलो होतो. तेवढ्यात पेठेतला फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीचे अध्यक्ष आबा पाटील खेळाडूंची फौज घेऊन आत शिरले. दारात चपलांचा ढीग पडला. आबा उभ्याउभ्याच गरजले, "बाई, ह्यो निकाल आमाला मान्य न्हाय. मॅच परत लावा!"

"आबा, पुस्तकातली मॅच परत कशी लावायची?"

"पुस्तक तुमचं हाय, तवा लावायची बी तुमीच. पोरांनी एवढा मार खाल्ला, एवढी बोलणी खाल्ली. जिंकायचा हक हाय का न्हाय त्यास्नी?"

 बाई हळूच म्हणाल्या, "माझा बाप दिवसभर राबून यायचा आणि अंगणात मुकादमाची नक्कल करायचा. सगळी वस्ती पोट धरून हसायची. दुःख लिही म्हणतात. पण ते हसणं मी कुठं ठेवू?"

"लिवा की मग! कोण आडवतंय?" आबा म्हणाले. "फकस्त रेफ्री ह्यो नको." बोट अर्थातच माझ्याकडे.

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, माळ्यावरचं बोचकं काढा." दुखऱ्या पायाने मी स्टुलावर चढलो, आणि सांगतो, एवढ्या आनंदाने मी आयुष्यात कशावर चढलो नव्हतो.

नव्या कादंबरीत ती मॅच परत लागली आहे आणि आता उत्तरार्धात आली आहे. परवा बाईंनी मला वाचून दाखवली. बंड्याने पुन्हा गोल मारला आहे आणि तोच लंगडा रेफ्री तोंडात शिट्टी धरून उभा आहे. तिथेच बाई थांबल्या. "बोला सर, तुमचा निर्णय?"

"ऑफसाइड नव्हतं, बाई," मी म्हणालो. "मागच्या वेळीसुद्धा नव्हतं."

बाई तोंडाला पदर लावून हसल्या, अगदी त्या पहिल्या दिवसासारख्या.

बाई, शंभरी गाठा. हात चालता राहो, डोळे शाबूत राहोत, तब्येत ठणठणीत राहो. सगळी पेठ तुमच्या पुढच्या पानाकडे डोळे लावून बसली आहे. तुम्ही खुशाल खेळ लांबवा. शेवटची शिट्टी मी काही वाजवणार नाही.