मोजणीवाल्याचा कॅमेरा

चुरीसाहेबांना कोणी "कसे आहात?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेत आणि मग म्हणत, "का विचारताय?" त्यात उद्धटपणा नसे. त्यांना खरोखरच कारण हवं असे. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी फुकट घातली तर ते ती पिशवीतून काढून परत ठेवत. मुलीने सुरतेहून फोन करून "बाबा, सहज केला" म्हटलं, तर फोन ठेवल्यावर बायकोला, म्हणजे काकूंना, सांगत, "सहज कोणी फोन करत नाही. तिकडे काहीतरी झालंय. उद्या तू विचार."

त्यांचं सगळं आयुष्य सरकारी मोजणीच्या नोकरीत गेलं. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके त्यांनी शेताशेतातून पायी पालथे घातले होते. हद्द दाखवा म्हटलं की दोन सख्खे भाऊ दोन वेगळे दगड दाखवत आणि दोघेही कुलदैवताची शपथ घेत. "बाई, हद्दीच्या दगडाला पाय असतात," ते मला सांगत. "कोणी बघत असलं की बसून राहतो. पाठ फिरली की चालायला लागतो." असे चालणारे दगड पाहून पाहून माणसांच्या बोलण्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. निवृत्तीनंतर ते पक्षी बघायला लागले, पण म्हणून पक्ष्यांवर तरी पूर्ण विश्वास होता असं नाही. "टिटवी बघा. अंडी इकडे असली की ओरडते तिकडे जाऊन. पण ती पोरांसाठी खोटं बोलते. माणसं वीतभर बांधासाठी बोलतात."

मी वाणगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेमागच्या तळ्यावर हिवाळ्यात बरेच पक्षी उतरतात आणि माझ्या मोबाईलमध्ये ते सगळे काळे ठिपके होऊन येत. चांगला कॅमेरा घ्यायचं मनात आलं, तेव्हा शाळेतल्या एका सहकाऱ्याने सरावलीच्या चुरीसाहेबांचं नाव सुचवलं. मी गेले. त्यांनी मला फाटकापाशीच उभं केलं.

"कॅमेरा कशाला हवाय?"

"पक्ष्यांचे फोटो काढायला."

"काढून?"

"बघायला."

"डोळ्यांनी दिसत नाहीत?"

मी मोबाईलमधला फोटो पुढे केला. म्हटलं, हा राखी बगळा, बघा कसा आलाय. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "बगळा कशावरून?" मला राग आला. दुसऱ्या दिवशी तळ्यावर जाऊन पाहिलं, तर काठीला अडकलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्यावर मान हलवत होती. संध्याकाळी मी पुन्हा सरावलीला गेले आणि ते सांगितलं. त्या दिवशी फाटक उघडलं.

कॅमेरा त्यांनाही घ्यायचा होता. पण दोन हिवाळे नुसतेच निवडण्यात गेले होते. जाहिरातीवर विश्वास नाही, दुकानदारावर नाही आणि ज्यांनी कॅमेरा घेतलाय त्यांच्यावर तर अजिबात नाही. "ज्याने एवढी रक्कम घातली, तो वाईट कसा म्हणेल?" मात्र त्यांचा सल्ला पक्का असे. "किती लांबचं दिसतं ते खोक्यावर लिहितात. समोरचा पक्षी उडाला तर कॅमेऱ्याला तो किती वेळात सापडतो, ते लिहीत नाहीत. भर उन्हात सगळेच कॅमेरे चांगले. सूर्य कलल्यावर फांदीच्या सावलीत बसलेला काळा कोतवाल पक्षी नीट आला, तर तो कॅमेरा खरा." वजनाबद्दल तर त्यांनी माझी परीक्षाच घेतली. वाडीतले चिकू भरून एक पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि मला वाडीभर फिरवलं. मध्येच ओरडत, "खंड्या! उचला!" मी ती पिशवी डोळ्यांपर्यंत उचलायची. तिसऱ्या खंड्याला माझे हात गळाले. "झालं," ते म्हणाले. "तुम्हाला हलका कॅमेरा."

खरेदीला आम्ही वापीला गेलो. त्यांनी खोक्यावरचा नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी जुळवला, चिकटपट्टी नखाने तपासली, मग कॅमेरा घेऊन दुकानदाराला रस्त्यावर आणलं आणि समोरच्या टाकीवर बसलेल्या घारीचा फोटो काढायला लावला. घार उडाली, फोटोत टाकी आली. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "काका, बधा आ ज लई जाय छे." सगळे हाच नेतात.

"बधा लई जाय छे, एटले ज शंका आवे छे," साहेब शांतपणे म्हणाले. सगळे नेतात, म्हणूनच तर शंका येते.

शेवटी माझ्यासाठी एक हलका कॅमेरा ठरला, लेन्स बदलायची भानगड नसलेला. साहेब त्याला 'तुमचं खेळणं' म्हणत. त्यांनी स्वतःसाठी घेतला तो मोठा कॅमेरा, हातभर लांब लेन्स आणि तीन पायांचा स्टँड. "हात थरथरतो, बाई. माणसाच्या हातावर भरवसा ठेवू नये."

आणि तो स्टँडच त्यांना नडला. शेतात तीन पाय रोवलेले, वर काहीतरी यंत्र, त्याला डोळा लावून वाकलेले चुरीसाहेब आणि 'बाजूला व्हा' म्हणून उचललेला एक हात. ज्या गावांनी त्यांना वर्षानुवर्षं याच अवस्थेत पाहिलं होतं, ती आता दुसरं काय समजणार? गंजाडला चहाच्या टपरीवर आम्ही गेलो की बोलणं थांबायचं. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब खरंच रिटायर झालेत, की गुपचूप पाठवलंय?" दोन दिवस एक मोटरसायकल अंतर ठेवून आमच्या मागे येत होती. साहेबांनी त्याचा अर्थ आपल्या स्वभावाप्रमाणे लावला. "माझ्यावर कोणीतरी माणूस लावलाय," ते म्हणाले. "यापुढे दर वेळी तुम्ही बरोबर राहा. साक्षीला."

तलासरीच्या बाजूला एका पाड्याच्या कडेने वाळलेलं सागाचं खोड उभं होतं. त्यावर रोज सकाळी एक नीलपंख येऊन बसे. बसलेला असताना तो साधाच दिसतो, मातकट. पंख उघडले की मात्र निळाईचा भडका उडतो. साहेबांना तो उघडलेला पंख हवा होता. कितीतरी रविवार ते त्याच्यापुढे वाकून उभे राहिले. एका सकाळी पक्षी झेपावला, कॅमेरा खडखडला आणि साहेब लहान पोरासारखे ओरडले, "आला, बाई, आला!" मी धावत गेले. पडद्यावर दोन्ही पंख पसरलेला नीलपंख होता. त्यांच्या तोंडून 'बघू', 'असेल', 'कशावरून' असं काहीच निघालं नाही.

आम्ही मागे वळलो, तर पाड्यातली माणसं येऊन उभी होती. बायका पुढे होत्या. सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती, साधारण साहेबांच्याच वयाची. तिचं नाव लाडकीबाई, हे नंतर कळलं.

"तू मोजणीवाला ना?" तिने विचारलं.

"होतो. आता रिटायर झालो."

"मग हे काय लावलंस?"

"कॅमेरा आहे. पाखरू बघायला आलोय. नुसतं बघायला."

"तेव्हा पण हेच बोललास." तिचा आवाज चढला नव्हता. "माझा सासरा खळ्यात बसला होता. त्याने विचारलं, कशाला आलास? तू बोललास, नुसतं बघायला. मग रस्ता आला. खळं गेलं, पुढचं रान गेलं."

मला वाटलं, आता साहेब 'कशावरून?' म्हणणार. त्याऐवजी त्यांनी स्टँडवरून कॅमेरा काढला आणि तिच्या हातात दिला. फोटो कुठे दिसतो ते बोटाने दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"पाखरू चांगलं आलंय," ती म्हणाली. "पण मागे माझं घर आलंय."

खरंच आलं होतं. पंखांच्या मागे, अंधूक, कुडाची भिंत आणि कौलं.

"पुसून टाकतो."

"पुसलं, ते आम्हाला कसं कळणार?"

तिच्या मागे उभी असलेली तिची सून मोबाईल वापरणारी होती. ती म्हणाली, "आतली चिप काढून द्या."

त्या चिपमध्ये त्यांचा अख्खा हिवाळा होता. हळद्या होता, चिखलातले तुतवार होते, पिल्लांना भरवणारा शिंजीर होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पण बाकीचे फोटो..." साहेबांनी हाताने मला थांबवलं, चिप काढली आणि लाडकीबाईच्या तळहातावर ठेवली. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. कोणी आम्हाला शिवी दिली नाही, कोणी आभारही मानले नाहीत. आम्ही रस्त्याला लागेपर्यंत सगळे तिथेच उभे होते.

स्कूटरवरून मला वाणगावला सोडताना साहेब म्हणाले, "मी खरंच तसं म्हणालो होतो, बाई. तिच्या सासऱ्यालाच नाही, सगळीकडेच म्हणायचो. तसं म्हटलं की आरडाओरडा होत नसे, काम लवकर उरके." त्यांनी स्कूटर बंद केली. "मला वाटायचं, लोक खोटं बोलतात म्हणून मी संशय घेतो. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही."

त्यानंतर ते त्या पाड्यावर रिकाम्या हाताने जाऊ लागले. पहिल्या खेपेला कोणी बसा म्हटलं नाही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला सुनेने पाणी दिलं. साहेब झाडाखाली बसत आणि कोणी विचारलंच तर मोजणीचे नियम सांगत. आधी नोटीस यायला हवी. नकाशा मागायचा. समजल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही. लाडकीबाई ऐके आणि म्हणे, "आता सांगतोस." ते मान हलवत. "हो, आता सांगतोय."

पुढच्या वर्षी खरोखरची मोजणीवाली माणसं तिकडे फिरून गेली. दगडांवर, झाडांवर लाल रंगाच्या खुणा दिसू लागल्या. कशासाठी, ते कोणी सांगेना. एका सकाळी मी सरावलीला गेले होते, तेव्हा लाडकीबाई सुनेला घेऊन फाटकाशी उभी होती. आत यायला तयार नव्हती.

"तुझा कॅमेरा आहे ना?" तिने साहेबांना विचारलं. "तो तीन पायांचा पण घे. माझं घर काढ. सगळं येऊ दे. आंबा, गोठा, मागची विहीर. उद्या बोलतील, इथे काही नव्हतंच."

साहेब त्या दिवशी जसे वागले, तसं वागताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. प्रत्येक घराच्या चारी बाजूंनी फिरले. घरापुढे घरातली माणसं उभी केली. विहिरीचा काठ कापला गेला म्हणून परत मागे सरकून फोटो घेतला. नीलपंख त्याच्या खोडावर येऊन बसला होता. मी त्यांना खूण केली. "नंतर," ते म्हणाले आणि गोठ्याकडे वळले.

काम संपल्यावर लाडकीबाईने हात पुढे केला. "सगळे मला दे. तुझ्याकडे एक पण ठेवू नको."

त्यांनी चिप दिली. परतीच्या वाटेवर ते इतके खुशीत होते, की मला आश्चर्य वाटलं. "बाईचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तिच्या जागी असतो तर कॅमेरापण ठेवून घेतला असता."

गेल्या पावसाळ्यात ते गेले. आजार थोड्या दिवसांचाच होता. शेवटपर्यंत डॉक्टरांनी लिहिलेली प्रत्येक तपासणी 'ही कशाला?' असं विचारूनच त्यांनी करून घेतली. पाऊस ओसरल्यावर मी पाड्यावर कळवायला गेले. घरं जागेवर होती. लाल खुणा फिकट झाल्या होत्या, पण पुसल्या गेल्या नव्हत्या. लाडकीबाई अंगणात भात वाळत घालत होती.

"चुरीसाहेब वारले," मी म्हटलं.

"कोण बोललं?"

"मी होते तिथे."

"जाळलं तेव्हा पण?"

"हो."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि ओट्यावर बसली. मग म्हणाली, "त्याचं सगळं आम्हाला ठाऊक होतं. चांगलं पण, वाईट पण. आता जो येईल, त्याचं काहीच ठाऊक नाय."